फोनवर पापणी दिसत नाही

रात्रपाळीसाठी क्रिटिकल केअरचा डॉक्टर नेमायचा विषय रुग्णालयाच्या बैठकीत निघाला की मी विरोध करायचो. सातारा-सांगलीकडच्या मध्यम रुग्णालयांची नेहमीची पद्धत मला पुरेशी वाटायची: आरएमओ म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकारी जागा, फिजिशियन घरी फोनवर. माझ्याकडे पुरावाही होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातली चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. रात्री इंटेन्सिव्हिस्ट, म्हणजे क्रिटिकल केअरचा डॉक्टर, आयसीयूत असला काय किंवा फोनवर असला काय, मृत्यूंत फरक पडला नाही.

ती चाचणी पुन्हा बारकाईनं वाचली आणि माझं मत हललं. तिथं रात्री निवासी डॉक्टर आयसीयूतच असत आणि दिवसा इंटेन्सिव्हिस्टांचा चमू राउंड घेई. आपल्याकडे यातलं काय आहे? आदल्या वर्षीच्या दुसऱ्या अमेरिकी अभ्यासात, जिथं दिवसा इंटेन्सिव्हिस्टचा सहभाग कमी होता तिथं, रात्री तो हजर असेल तर मृत्यू कमी आढळले होते. आपली रुग्णालयं या दुसऱ्या गटाच्या जवळची.

पण मला खरं पटवलं ते मण्यारीच्या दंशानं. पाटण, जावळी, शिराळ्याकडे पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते. चावा फारसा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही सापडेलच असं नाही. पहाटे पोटात कळा येतात. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आवाज बदलतो आणि श्वासाचे स्नायू ढिले पडत जातात. फोनवर ‘पोटात दुखतंय’ एवढंच पोचलं, तर सल्लाही पोटाचाच मिळणार. पापण्या बघणारा, मान उचलायला लावणारा आणि ऑक्सिजन घसरण्याआधी श्वासनळीत नळी टाकायचं ठरवणारा माणूस खाटेपाशीच हवा. लुळे पडलेले स्नायू प्रतिविषानं लगेच उठत नाहीत; कित्येक तास, कधी काही दिवस व्हेंटिलेटरवर सांभाळावं लागतं. तेवढं नीट सांभाळलं तर बहुतेक पेशंट आपल्या पायांनी घरी जातात. असा माणूस केवळ वेळ रात्रीची होती म्हणून गमावणं मला आता मान्य नाही.

राहिला प्रश्न डॉक्टर मिळण्याचा. नुसत्या पॅकेजवर पुण्याचा तरुण डॉक्टर इथं टिकत नाही. महिनाभर एकट्यानं रात्री काढायला कोणी तयार होणार नाही, होऊही नये. म्हणून किमान दोघं नेमावेत, रात्री वाटून द्याव्यात, दुसऱ्या दिवशी ओपीडीला बसवू नये. जोडीदाराच्या नोकरीचं आणि मुलांच्या शाळेचं मुलाखतीतच बोलावं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, नळी टाकण्यासाठी त्यांना मोठ्या डॉक्टरांना फोन करून परवानगी मागावी लागता कामा नये. हा अधिकार नेमणूकपत्रातच लिहून द्यावा.

यात खर्च वाढतो, हे मला माहीत आहे. पुढच्या बैठकीसाठी मी दोन पदांचा प्रस्ताव दिला आहे. पैसे पुरले नाहीत तर आयसीयूच्या खाटा कमी कराव्यात, असंही त्यात लिहिलं आहे.