काहीच नसतं तरी चाललं असतं

हे जग मुळात आहेच कशाला, या प्रश्नाला मी कितीतरी वर्षं रिकामपणाचा उद्योग म्हणत आलो. बांधीत पऱ्हे सुकताहेत, रोवणी खोळंबली आहे, अशा भंडारा जिल्ह्यात ही चर्चा कोणाला परवडते, असं माझं म्हणणं असे. पाठबळाला आमच्या जिल्ह्यातली पवनी होतीच. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप उघडा झाला. त्या बुद्धांनी मालुंक्यपुत्त या शिष्याला सांगितलेली गोष्ट मी कोणालाही ऐकवत असे: विषारी बाण लागलेल्याने आधी बाण काढून घ्यावा, मारणाऱ्याचं कुळ विचारत बसू नये. जग अनादि आहे की नाही, हे बुद्धांनीच बाजूला ठेवलं, तिथे आपण कशाला डोकं शिणवायचं?

मत हललं ते तुमसर तालुक्यातल्या चिखल्याच्या मँगनीजमुळे. तिथला एक दगड माझ्या टेबलावर असतो. मुठीत मावणारा, पण दिसतो त्याहून कितीतरी जड; हाताळला की बोटं काळी होतात. हा आला कुठून? प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ पुढे जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने पालटला. गाळात मँगनीज कुठून? फुटलेल्या ताऱ्यांतून. तारे मुख्यतः हायड्रोजनचे, आणि हायड्रोजन सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वीच्या महास्फोटातला. इथवर विज्ञान खणखणीत उत्तर देतं आणि ते मला पूर्ण मान्य आहे. पण यातलं प्रत्येक उत्तर आधीच्या कशावर तरी उभं आहे. ते सर्वांत आधीचं, आणि ज्या नियमांनी ते चाललं ते नियम, हे तरी का असावेत? काहीच नसतं, तर कोणाला काही समजावून सांगावंच लागलं नसतं. १७१४ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने हेच विचारलं होतं.

प्रश्न मात्र युरोपातून आलेला नाही. वैनगंगेच्या पलीकडे अंभोरा आहे. कवी मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ तिथेच लिहिला, असं आमच्याकडची परंपरा सांगते. अंबाजोगाईकरांना ते मान्य नाही; ते हा मान आपल्या गावाला देतात. तो वाद चालू राहो. मराठीतल्या अगदी आरंभीच्या ग्रंथांपैकी हा एक, आणि त्यात गुरू शिष्याला समजावतो काय, तर ही सृष्टी झाली कशी. ब्रह्म तेवढं खरं, हे मुकुंदराजांचं उत्तर मला पुरत नाही. मग ब्रह्म तरी का आहे, असं विचारावंसं वाटतंच. पण धान पिकवणाऱ्या माणसांच्या भाषेत हा विषय मांडण्याजोगा आहे, याची त्यांना खात्री होती. ती आता मलाही आहे.

बाणाची गोष्ट मी आजही खरी मानतो. दुखणं आधी, बाकीचं मागून. पण ज्याचा बाण निघाला आहे त्याने विचारायला काय हरकत? घरातलं पोर झोपताना ‘काहीच नसतं तर?’ म्हणालं, तर त्याला गप्प करू नका. तुम्हालाही उत्तर माहीत नाही, एवढं त्याला खरं सांगा आणि त्याच्यासोबत थोडा वेळ विचार करा.