चाल मुलांची, पेटी जाणत्याची

प्राथमिक शाळेतल्या मुलांनी स्वतःची संगीतिका रचावी आणि जाणत्या गायक-वादकांसोबत ती सादर करावी, असे म्हटले की पहिला आक्षेप येतो तो परकेपणाचा. ऑपेरा साहेबाचा, आपल्या वऱ्हाडात त्याचे काय काम? पण संगीतिका म्हणजे गाण्यातून पुढे सरकणारी गोष्ट. तशी गोष्ट अमरावती-अकोल्याकडच्या मुली भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत अंगणात गातच आल्या आहेत. भुलाबाईच्या गाण्यांत सासर-माहेर आहे, रुसवा आहे, सवाल-जवाब आहेत, टिपऱ्यांचा ठेका आहे आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखण्याचे नाट्यही आहे. या चाली बहुतेक चार-पाच सुरांतच फिरतात, म्हणून सात वर्षांच्या गळ्याला त्या पेलतात. मोठ्यांच्या रंगभूमीवरही हा मुलूख मागे नव्हता. ‘वीरतनय’कार श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी अकोल्यात वकिली केली, तर ‘रणदुंदुभी’ लिहिणारे वीर वामनराव जोशी अमरावतीचे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मुले काय रचणार, सिनेमाच्या चालीवर शब्द बसवतील! बसवू द्यावेत. जुन्या संगीत नाटकांतही पदाच्या डोक्यावर ‘चाल’ छापलेली असे आणि खुद्द कोल्हटकरांनी पारशी-उर्दू रंगभूमीच्या चाली मराठीत आणल्या. ही पहिली पायरी आहे. तिथेच थांबू नये, एवढेच. पुढची पायरी मुलांच्या बोलण्यात सापडते. ‘काहून नाई आला?’ हे वाक्य मूल रागाने म्हणते तेव्हा एक अक्षर चढते, लाडाने म्हणते तेव्हा दुसरेच लांबते. पेटीवाल्याने तो चढ-उतार पेटीवर शोधून वाजवून दाखवावा आणि कोणता ठेवायचा हे मुलांनी ठरवावे. व्यावसायिकाचे काम इथे सुरू होते आणि इथेच त्याला हात आवरावा लागतो. मोठ्या पुरुषाच्या ‘काळी एक’ पट्टीत मुलांचा आवाज खाली घोगरा होतो, तीच ओळ ‘काळी चार’मध्ये मोकळी होते. ही पट्टी त्याने निवडावी, ओळ केरव्यात बसवावी, श्वासाला जागा ठेवावी. पण वाकडी वाटणारी चाल ‘सुधारली’, की ती मुलांची राहत नाही आणि पाठ केलेल्या कवितेसारखी निर्जीव होते.

असे केल्याने दर्जा घसरेल का? इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या ‘नोयेज् फ्लड’ या संगीतिकेत (१९५८) मोजके व्यावसायिक आणि मुलांचा मोठा ताफा एकत्र आहे. पावसाच्या थेंबांसाठी दोरीला टांगलेले कप लाकडी चमच्यांनी वाजवायचे, अशी त्यातली योजना. वाद्य सोपे असले तरी परिणाम अस्सल येतो. अर्थात ते संगीत ब्रिटनचेच होते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा गिल्डने पुढे शाळकरी मुलांनाच लेखक, संगीतकार आणि सुतार करून पाहिले. म्हणजे मागणी अवास्तव नाही.

अभ्यास बुडेल, ही तक्रार मात्र मला पटत नाही. स्नेहसंमेलनासाठी ध्वनिमुद्रित गाण्यांवर नाच बसवण्यात शाळा आजही कित्येक दिवस घालवतात. वेळ खर्च होतोच, प्रश्न तो कशावर होतो याचा आहे. संगीतिका रचताना मूल मात्रा मोजते, ओळ खोडते, कारण देऊन वाद घालते. वऱ्हाडीमुळे भाषा बिघडते हेही खरे नाही: सूत्रधाराला प्रमाण मराठी आणि पात्रांना बोली दिली, की कोणती भाषा कुठे शोभते हे मुलांना व्याकरणाच्या तासापेक्षा लवकर उमगते.

एक अडचण मात्र खरी आहे. दोन शिक्षकी शाळेला मानधन देऊन कलावंत बोलावणे परवडत नाही. पण तुकडोजी महाराजांच्या या मुलखात भजनी मंडळे गावोगाव आहेत, त्यांच्याकडे पेटी आहे, खंजिरी आहे आणि मुलांना ओळखणारे हात आहेत. तेव्हा मुख्याध्यापकांनी यंदाच्या स्नेहसंमेलनातले दोन नाच कमी करावेत, ती दहा मिनिटे मुलांना द्यावीत आणि पेटीवाल्याला आधी ऐकायला बसवावे.