गवसणी, मोजा आणि झडप

‘गवसणी’ हा शब्द आता बहुधा आकाशाच्या किंवा यशाच्या सोबतीनेच भेटतो. कुणी शिखराला गवसणी घालतो, कुणी विक्रमाला. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तर तो रोजचाच झाला आहे. मूळची गवसणी मात्र अगदी साधी वस्तू. तंबोरा, वीणा अशा वाद्यांवर घालायची कापडी खोळ म्हणजे गवसणी. एवढ्या अफाट आकाशाला खोळ कुठून शिवणार, ही त्या वाक्प्रचारातली खरी गंमत. वस्तू विस्मरणात गेली आणि तिच्याबरोबर गंमतही गेली.

खिशात बाळगायच्या संगीतयंत्रांच्या आवरणांविषयी लिहायचे ठरवले, तेव्हा ‘कव्हर’ किंवा ‘केस’ यांच्याआधी हाच शब्द मनात आला. संगीताला आपल्याकडे पूर्वापार जे वस्त्र आहे, त्याचे हे नाव. पण थोडा विचार केल्यावर तो शब्द नेमका कुठे अपुरा पडतो, हेही दिसू लागले. आणि त्या अपुरेपणातच मला जे सांगायचे आहे ते आहे.

गवसणी वाद्याच्या निद्रेची असते. मैफल संपली की ती चढते, सुरू होण्यापूर्वी उतरते. गवसणीतला तंबोरा वाजत नाही आणि वाजणाऱ्या तंबोऱ्यावर गवसणी नसते. ट्रान्झिस्टर घरोघरी आला तेव्हा हा नियम प्रथम मोडला. ज्यांचे बालपण त्या काळातले आहे, त्यांना त्याचे तपकिरी चामड्याचे आवरण आठवत असेल: समोर आवाजासाठी बारीक छिद्रांची जाळी, तबकडीपुरती खिडकी, मागे टिचबटणे आणि खांद्याला अडकवायचा पट्टा. रेडिओ त्या आवरणातच लागे, त्यातच बंद होई. आवरण आता वस्तूच्या जागेपणीही तिच्या अंगावर राहू लागले. त्याने काय झाकावे यापेक्षा काय उघडे ठेवावे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा झाला.

या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळ्या काळांत वेगवेगळी दिली गेली. 1957 साली सोनीने खिशात मावणारा म्हणून एक रेडिओ काढला. तो नेहमीच्या शर्टाच्या खिशापेक्षा किंचित मोठा भरला, तेव्हा विक्रेत्यांसाठी जरा मोठ्या खिशांचे शर्ट शिवून घेतले, अशी हकीकत अकिओ मोरिता यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. म्हणजे वस्तूला आवरण बसेना म्हणून आवरणच वाढवले. 1979 साली पहिला वॉकमन आला. त्यानंतर चारच वर्षांनी पाण्याच्या शिंतोड्यांना न जुमानणारा पिवळाधमक ‘स्पोर्ट्स’ वॉकमन आला, आणि त्यात वस्तू व आवरण हा भेदच मिटला. त्याची काया हेच त्याचे कवच. 2001 साली आलेल्या आयपॉडने नेमकी उलटी वाट धरली. त्याची पाठ आरशासारखी घासलेल्या पोलादाची होती. इतकी देखणी, की पहिला चरा पडेपर्यंतच ती तशी राही. यंत्र जितके नितळ, तितकी त्याला आवरणाची निकड अधिक, आणि आवरण घातले की ज्या नितळपणासाठी ते घ्यावे तोच दृष्टीआड. या विसंगतीवर पुढे आवरणांचा एक प्रचंड व्यवसाय उभा राहिला.

वस्तूंना आवरणे घालण्याचा हा सोस वाङ्मयाला अपरिचित नाही. चेखॉव्हची 1898 सालची एक कथा आहे, जिचे शीर्षक मराठीत ‘खोळीतला माणूस’ असे करता येईल. तिच्यातला बेलिकोव्ह ग्रीक भाषा शिकवतो. त्याची छत्री खोळीत असते, घड्याळ करड्या चामड्याच्या खोळीत, पेन्सिलीला टोक काढायचा चाकूसुद्धा छोट्या खोळीत. तो स्वतः उभ्या कॉलरच्या आत, काळ्या चष्म्यामागे, कानांत कापूस घालून वावरतो. शेवटी शवपेटीत त्याचा चेहरा प्रसन्न दिसतो. जणू जिच्यातून पुन्हा बाहेर यावे लागणार नाही अशी खोळ त्याला अखेर मिळाली. ही कथा वर्गात शिकवताना मुले हसतात. कापसाच्या जागी कानांत यंत्राची बोंडे घालून वर्गाबाहेर पडणारी मुलेही त्यांतच असतात, आणि त्यांना पाहून मला त्यांच्याविषयी नव्हे, तर बेलिकोव्हविषयीच थोडी आपुलकी वाटू लागते. जग फार जोरात आपटते, असे ज्याला वाटते त्याने काय करावे?

आवरणांची तुलना मी शिकले ती मात्र चेखॉव्हकडून नव्हे, आत्याकडून. आत्या शाळेत मराठी शिकवीत असे. निवृत्तीनंतर काचबिंदूने तिची दृष्टी हळूहळू गेली. तिने तीस वर्षे आकाशवाणीवरून ध्वनिफितींवर उतरवून घेतलेले गाणे माझ्या धाकट्या भावाने संगणकावर आणले, आणि 2010 च्या सुमारास एका आयपॉड क्लासिकमध्ये भरून तो तिच्या हाती दिला. त्याच्या दोन प्रती घरात अन्यत्र होत्या, त्यामुळे गाणे हरवण्याची भीती नव्हती. पणाला लागले होते ते निराळेच. एव्हाना आत्याला वाचून दाखवायला माणूस लागे, औषधाच्या गोळ्या ओळखायला माणूस लागे, रस्ता ओलांडायला लागे. गाणे लावायला तरी कुणाला हाक मारावी लागू नये, एवढीच तिची इच्छा होती.

त्या यंत्राची रचना तिला सोयीची निघाली. पुढे एक गोल चकती, मध्ये एक बटण. चकतीवरून बोट फिरवले की यादी सरकते आणि प्रत्येक ओळीला बारीकशी टकटक होते. भावाने मुख्य यादी छाटून अगदी आखूड केली आणि गाण्यांचे प्रहरांप्रमाणे गट पाडले. वरचे बटण चार-पाच वेळा दाबून मुळाशी जायचे आणि तिथून टकटक मोजत उतरायचे. दोन टकटकींवर सकाळ, चारांवर संध्याकाळ. आठवड्याभरात आत्या त्यात सराईत झाली. पण दीडशे ग्रॅमही न भरणारे ते गुळगुळीत यंत्र हातातून निसटण्याचे भय होते, कारण त्याच्या पोटात फिरती तबकडी होती. गाण्याचा काही भाग आधीच स्मृतीत घेऊन ती तबकडी बराच वेळ स्वस्थ राहते हे खरे. पण नेमकी फिरत असताना यंत्र पडले तर तिला इजा होण्याचा संभव असतो. म्हणून आवरण हवे, यावर घरात एकमत झाले. कोणते, यावर मात्र दोन वर्षे चर्चा चालली.

पहिला आला लोकरीचा मोजा. ॲपलने 2004 साली खरोखरच सहा रंगांचे सहा मोजे आयपॉडसाठी विकायला काढले होते. आमचा मात्र शेजारच्या काकूंनी विणलेला. आत्याने तो चाचपला आणि म्हणाली, “अगं, ही तर कुंची झाली!” तो मऊ होता, उबदार होता, चरे पडू देत नव्हता. पण गाणे बदलायचे तर यंत्र बाहेर काढावे लागे, आणि पडण्याचा धोका नेमका त्याच क्षणी. मोजा ही खऱ्या अर्थाने गवसणी होती, निद्रेचे वस्त्र. आत्याला हवे होते जागेपणीचे.

दुसरे पारदर्शक, कठीण प्लास्टिकचे. दोन अर्धे एकमेकांत खटकन बसत आणि चकतीपुरते वर्तुळ मोकळे राही. डोळसांना ते सर्वांत आवडले, कारण त्यातून यंत्र जसेच्या तसे दिसे. आत्याच्या लेखी या गुणाला काही किंमत नव्हती. तिच्या बोटांना एकच गोष्ट पसंत पडली: वर्तुळाची उंच कडा, जिच्यामुळे चकती अचूक सापडे. बाकी ते ओल्या साबणाच्या वडीसारखे निसटे. शिवाय कठीण कवच चऱ्यांपासून वाचवते, आदळण्यापासून फारसे नाही. धक्का ते स्वतःत मुरवत नाही, बराचसा आत पोहोचवते. आणि एक खोड अशी, की कवच व पोलाद यांच्यामध्ये धुळीचा कण शिरला, की तो आतल्या आत घासत राहतो. रक्षण करणारेच ओरखडे काढते.

तिसरे सिलिकॉनचे. बाजारात याला ‘स्किन’ म्हणत, म्हणजे कातडी. पकड उत्तम, आणि पडल्यावर धक्का सोसण्यात या चौघांत सर्वांत सरस. कारण मऊ पदार्थ दबतो, थांबायला वेळ घेतो आणि आघात तेवढा सौम्य होतो. निव्वळ संरक्षणाची परीक्षा असती तर याला पहिला क्रमांक द्यावा लागला असता. पण त्याचा पातळ पापुद्रा चकतीवरूनही गेलेला होता. चकतीला त्याच्याआडून स्पर्श कळे. बोटाला मात्र चकती कुठे संपते आणि मधले बटण कुठे सुरू होते, ते कळेनासे झाले. बोट घसरण्याऐवजी अडखळे, टकटकीचा हिशेब चुके आणि सकाळच्या जागी भलताच प्रहर लागे. कापसाचे तंतू आणि केस त्याला चिकटत ते वेगळेच. “पाल धरल्यासारखं वाटतं गं,” असे म्हणून तिने ते परत दिले.

चौथे चामड्याचे. ते पुस्तकासारखे उघडे; समोर झडप, आत चकतीसाठी गोल खिडकी, कडेने जाड शिवण. शिवणीवरून वरची बाजू कोणती ते आत्याला ताबडतोब कळले. पावसाळ्यात त्यावर बुरशी धरे, ती कोरड्या फडक्याने पुसावी लागे. वास मात्र तिला जुन्या ट्रान्झिस्टरचा आला, आणि तिची निवड तिथेच झाली असावी. अडचण होती ती झडपेची. ती मिटली की चकती आत जाई. उघडी ठेवली की लोंबकळत हाताला आपटे. चार दिवस आत्याने ते सोसले. पाचव्या दिवशी मला म्हणाली, “कात्री आण आणि ही झडप काप.” मी म्हटले, “अगं आत्या, समोरून मार बसला तर?” ती म्हणाली, “बसू दे. मला दार उघडायला लावणारं कव्हर नको.”

मी झडप कापली. त्या आवरणातला सर्वांत संरक्षक भाग तोच होता. पुढची नऊ-दहा वर्षे यंत्र त्या अर्धवट आवरणात राहिले. माझ्या माहितीत ते तीनदा पडले, एकदा त्याची बॅटरी बदलावी लागली. पण गाणे लावण्यासाठी आत्याने कुणाला हाक मारल्याचे मला आठवत नाही.

या साऱ्या प्रकरणाचा विचार करताना वाल्टर बेन्यामिनची आठवण होते. पॅरिसच्या छत घातलेल्या बाजारवाटांवरील त्याच्या अपूर्ण ग्रंथाच्या टिपणांत एकोणिसाव्या शतकाच्या या हौसेची यादीच आहे: खिशातली घड्याळे, सपाता, अंड्यांचे पेले, तापमापक, पत्ते, प्रत्येकाला आवरण. त्याचे मर्म त्याने असे पाहिले, की आवरणाच्या मखमलीत वस्तूचा ठसा उमटतो, जसा घरात राहणाऱ्याचा ठसा घरात उमटतो. याउलट काच कठीण, गुळगुळीत. तिच्यावर काही टिकत नाही, असे त्याने 1933 सालच्या एका निबंधात म्हटले. बेलिकोव्हच्या खोळी जगाची खूण आत येऊ देत नाहीत. बेन्यामिनची मखमल खूण जपते. आवरणांची खरी प्रतवारी जाडी आणि किंमत यांवरून नव्हे, तर या दोन जातींवरून करायला हवी, असे मला वाटते.

आपण शिक्षक मंडळी कवितेवर प्रस्तावना, टीपा, संदर्भ आणि अपेक्षित उत्तरे यांची जी आवरणे चढवतो, त्यांनाही हीच कसोटी लावून पाहावी. टीप आवश्यक असते. तिच्यावाचून कित्येक ओळी विद्यार्थ्याच्या हातून निसटतात. पण ती शिवणीसारखी असावी, कविता कुठून धरायची ते सांगणारी. प्रत्येक वेळी उघडावी लागणारी झडप झाली, तर विद्यार्थी झडपेवरचेच वाचून परत फिरतात, आणि दोष त्यांचा नसतो.

आत्या 2021 च्या पावसाळ्यात गेली. क्लासिकचे उत्पादन 2014 साली थांबले होते. 2022 साली आयपॉड हे नावच बाजारातून निरोप घेते झाले. यंत्र आता माझ्याकडे असते. आवरणातून बाहेर काढले तर त्याची पोलादी पाठ अजून आरशासारखी आहे, आणि तिच्यात पाहणाऱ्याचा चेहरा दिसतो, आत्याचे काहीच नाही. चामड्याच्या खिडकीच्या उजव्या कडेला मात्र, जिथे तिचा अंगठा टेकत असे, तिथे ते गुळगुळीत झाले आहे, थोडे काळवंडले आहे आणि किंचित खोलगट आहे. परवा त्याच्या कोपऱ्यावर पुन्हा बुरशी दिसली. मी ती पुसली. पण त्या खळग्याला फडके लावले नाही.