सापेक्ष म्हणजे 'ज्याचं त्याचं खरं' नव्हे

गेल्या महिन्यात पाण्याच्या तक्रारीवरून एका कार्यालयात गेलो होतो. पालेगावातल्या आमच्या सोसायटीत पाणी जेमतेम अर्धा तास येतं, असं आमचं म्हणणं. साहेबांच्या रजिस्टरवर मात्र दोन तास. मी म्हटलं, "साहेब, दोन्ही कसं खरं असेल?" साहेब हसले. "अहो पत्रकार, आईनस्टाईन ऐकलाय ना? सगळं सापेक्ष असतं. तुम्हाला अर्धा तास वाटतो, आम्हाला दोन तास."

चहा पिऊन बाहेर आलो. बातमी नेहमीसारखीच लिहिली. रहिवासी असं म्हणतात, प्रशासन तसं म्हणतं. दोन्ही बाजू आल्या, पान लागलं, विषय संपला.

पण ते 'सगळं सापेक्ष असतं' डोक्यातून जाईना. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस, फिजिक्सचा संबंध दहावीला सुटला. पुतणी बारावी सायन्सला आहे. तिला विचारलं, "आईनस्टाईन खरंच असं म्हणाला का गं?" ती म्हणाली, "उलट आहे काका. त्याने आधी काय बदलत नाही, ते सांगितलं."

मग आठ-दहा दिवस रात्री तिच्यासोबत बसलो. समजलं तेवढं सांगतो. जाणकारांनी चूक दाखवावी, राग नाही.

साल 1905. आईनस्टाईन 26 वर्षांचा, स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या पेटंट ऑफिसात नोकरीला. त्याने दोनच गोष्टी पक्क्या धरल्या. पहिली, एकसारख्या वेगाने सरळ जाणाऱ्या प्रत्येकासाठी निसर्गाचे नियम तेच. ही आपल्याला लोकलमुळे माहीत आहे. आपण गाडीत बसलेलो असतो, शेजारची गाडी सरकते आणि वाटतं आपलीच सुटली. प्लॅटफॉर्मकडे बघितल्याशिवाय कळत नाही. गाडी संथ धावत असेल तर हातातला चहा घरच्यासारखाच राहतो.

दुसरी गोष्ट विचित्र आहे. गाडी ताशी 80 ने धावतेय आणि तुम्ही डब्यात पुढच्या दिशेने ताशी 5 ने चालताय, तर प्लॅटफॉर्मवरचा माणूस तुमचा वेग 85 मोजेल. प्रकाशाला ही बेरीज लागू नाही. सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर हा त्याचा वेग उभ्या माणसालाही तेवढाच दिसतो आणि धावत्यालाही तेवढाच.

आता डब्याच्या जमिनीवर एक दिवा ठेवा, छताला आरसा लावा. प्रकाश वर गेला, खाली आला, की एक टिकटिक. डब्यातल्या माणसाला तो सरळ वर-खाली जाताना दिसतो. प्लॅटफॉर्मवरच्याला मात्र गाडी पुढे सरकत असल्यामुळे तोच प्रकाश तिरका जाऊन तिरका येताना दिसतो. तिरकी वाट लांब. वेग तर वाढू शकत नाही. मग त्याच एका टिकटिकीला प्लॅटफॉर्मच्या घड्याळात जास्त वेळ लागणार. म्हणजे धावत्या गाडीतलं घड्याळ प्लॅटफॉर्मवरच्याला हळू चालताना दिसतं. घड्याळ बिघडलेलं नसतं. वेळच तशी आहे.

लोकलमध्ये हे कधी जाणवत नाही. अंबरनाथ ते सीएसएमटी 60 किलोमीटर. रोज जाऊन-येऊन 3 तास, वर्षाला 300 दिवस, अशी 30 वर्षं नोकरी केली तर 27 हजार तास होतात. म्हणजे आयुष्यातली 3 वर्षं गाडीत. आणि त्या प्रवासामुळे तुमचं घड्याळ मागे पडणार सेकंदाच्या साधारण एक कोटीव्या भागाने. आईनस्टाईनकडून एवढीच नुकसानभरपाई.

पण वेग प्रचंड असेल तर फरक डोळ्यात भरतो, आणि याच्याशी आपल्या मुंबईचा माणूस जोडलेला आहे. होमी भाभा. अवकाशातून येणारे कण वातावरणाच्या वरच्या थरात हवेवर आदळतात आणि त्यातून म्युऑन नावाचे कण तयार होतात. म्युऑनचं सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या सव्वादोन पटीहून किंचित कमी. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा 660 मीटरच जातो. हे कण तर 10-15 किलोमीटर उंचीवर जन्मतात. वाटेतच संपायला हवेत. तरीही ते खाली पोचतात. आत्ता हे वाचताना तुमच्या तळहातातून सेकंदाला साधारण एक म्युऑन जातोय.

अशा कणांचं आयुष्य वेगामुळे लांबलेलं दिसेल आणि त्यातून सापेक्षतेचा सरळ पुरावा मिळेल, हे भाभांनी 1938 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात लिहिलं. तेव्हा ते केंब्रिजमध्ये होते, वय तिशीच्या आत. 1940 मध्ये रॉसी आणि हॉल या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरावर आणि खाली असे कण मोजले, आणि हिशोब जुळला. भाभा सुट्टीवर भारतात आले, 1939 मध्ये युद्ध सुरू झालं आणि ते इथेच राहिले. 1945 मध्ये टीआयएफआर उभी राहिली ती पुढची गोष्ट.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते यापुढे. आपण म्हणतो, म्युऑनचं घड्याळ 20 पट हळू चाललं म्हणून तो पोचला. म्युऑनला विचारलं तर तो म्हणेल, माझं घड्याळ ठीक आहे, तुमचं 15 किलोमीटरचं वातावरणच मला 750 मीटरचं दिसलं. दोघांची वेळ वेगळी, अंतर वेगळं. पण म्युऑन जमिनीवर पोचला की नाही, यावर मतभेद नाही. एकाच्या वहीतला आकडा दुसऱ्याच्या वहीत कसा बदलायचा, याचं गणित ठरलेलं आहे. आईनस्टाईनचे शिक्षक हर्मन मिन्कोव्स्की यांनी 1908 मध्ये हे नीट मांडलं. वेळ आणि अंतर सुटं सुटं मोजलं तर प्रत्येकाचं वेगळं येतं. दोन्ही एका ठरावीक रीतीने एकत्र घेतलं की जो आकडा उरतो, तो सगळ्यांचा सारखा. यालाच अवकाश-काळ म्हणतात.

तुमच्या मोबाईलवरचा नकाशाही याच हिशोबावर चालतो. जीपीएसच्या उपग्रहांची घड्याळं वेगामुळे दिवसाला 7 मायक्रोसेकंद मागे पडतात आणि वर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे 45 ने पुढे जातात. हा 38 मायक्रोसेकंदांचा फरक धरला नाही, तर एका दिवसात 10 किलोमीटरच्या वर चूक होईल. पालेगावची ऑर्डर बदलापूरच्या पलीकडे जाईल.

तर साहेबांचं वाक्य चुकीचं होतं. सापेक्षता 'ज्याचं त्याचं खरं' म्हणत नाही. ती म्हणते, तुम्ही कुठून मोजलं ते सांगा, मग दोन्ही हिशोब जुळवून दाखवा.

पाण्याचा प्रश्न अर्थातच फिजिक्सचा नाही. पण मोजायचं कसं, ते मी इथून शिकलो. सोसायटीत वही ठेवली. वॉचमन रोज पाणी आल्याची आणि गेल्याची वेळ लिहितो आणि मीटरचा फोटो काढतो. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसालाही भेटलो. तो म्हणाला, "दादा, व्हॉल्व्ह दोन तास उघडाच असतो. पण आधीच्या बिल्डिंगा भरल्याशिवाय तुमच्याकडे प्रेशर येत नाही." म्हणजे साहेबांचे दोन तास खोटे नव्हते, आमचा अर्धा तासही खोटा नव्हता. ते व्हॉल्व्हजवळ मोजत होते, आम्ही टाकीजवळ. दोघांना मान्य करावाच लागेल असा आकडा एकच, टाकीत किती लिटर पडलं. तो इतके दिवस कुणी विचारलाच नव्हता. मीसुद्धा नाही. 'दोन्ही बाजू' छापल्या की काम झालं, असं मी वीस वर्षं समजत आलो.

वही घेऊन पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे. पालेगावातल्या बाकी सोसायट्यांनीही मीटरचे फोटो काढून ठेवावेत. तारीख आणि वेळ लिहायला विसरू नका. आणि कुणी 'सगळं सापेक्ष असतं' म्हणालं, तर त्याला म्युऑनची गोष्ट सांगा.