गोड्या पाण्याची काठी, खाऱ्या पाण्याचा मासा

बालमित्रांनो, आधी एक कोडं घालते. एकाच देवळातून पाच बहिणी निघाल्या. त्यातली एक पूर्वेला वळली आणि सुमारे चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळाली. दुसरी पश्चिमेचा कडा उतरून कोकणात गेली आणि अरबी समुद्राला मिळाली. त्या दोघी कोण?

पहिली कृष्णा, हे तुम्ही लगेच ओळखलं असेल. दुसरी सावित्री. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात या नद्यांचा उगम मानतात. सावित्री तिथून निघते, पोलादपूर आणि महाडवरून वाहते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. म्हणजे आमचं गाव हजारभर मीटरहूनही जास्त उंचीवर असलं, तरी समुद्राशी आमचं नातं आहेच!

हा धडा मी चौथीच्या वर्गात शिकवत होते, तेव्हा मागच्या बाकावरून एक प्रश्न आला. "बाई, नदी समुद्रापर्यंत जाते, तर आपली गळाची काठी पण तिथं चालेल का? का समुद्राला मोठीच काठी लागते?"

प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्या घरी तलावात मासे धरायची एक साधी काठी होती. चित्रातली माणसं मात्र बारा-बारा फुटी काठ्या घेऊन समुद्रावर उभी असतात. ते बघून त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं, की समुद्र काही आपल्यासाठी नाही. मुलांनो, "आपल्याकडे ते नाही, म्हणून आपल्याला जमणार नाही," असं आपण फार लवकर ठरवून टाकतो, नाही का? म्हणून त्याला दिलेलं उत्तर आज तुम्हालाही सांगते.

माझ्याकडे माझ्या वडिलांची, आप्पांची, काठी आहे. साडेसहा फुटांची, फायबरची. तिला एक छोटं रीळ आहे आणि त्यावर बारीक तंगूस गुंडाळलेला. आप्पा तापोळ्याकडे, कोयनेच्या शिवसागर जलाशयावर, रोहू नाहीतर मरळ धरायला ती न्यायचे. आप्पा आता नाहीत. त्यांचा चष्मा आहे, घड्याळ आहे, पण घड्याळ बंद पडलंय. अजून कामाला येणारी त्यांची वस्तू म्हणजे ही एक काठीच. म्हणून नाताळच्या सुट्टीत बाणकोट खाडीकाठी मावशीकडे जाताना मी ती बरोबर घेतली, तेव्हा आई म्हणाली, "खारं पाणी लागलं की गंजून जाईल गं. जपून!"

आईची काळजी खरी होती. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे! त्यात सगळ्यात जास्त असतं ते आपलं जेवणातलं मीठ. खाऱ्या पाण्यात लोखंड फार झपाट्याने गंजतं. रिळाच्या आत बारीक दाते आणि स्प्रिंग असतात. पाणी वाळून गेलं तरी मिठाचे कण तिथेच बसतात, हवेतली ओल धरून ठेवतात आणि गुपचूप आपलं काम करत राहतात.

मावशीकडे गेल्यावर मी काकांना काठी दाखवली. मला वाटलं, ते हसतील. पण काकांकडे तर काठीच नव्हती! एका लाकडी दांडक्याला तंगूस गुंडाळलेला, टोकाला शिसं आणि गरी. कोकणात गळाला गरी म्हणतात, बरं का. काका म्हणाले, "बाय, तू लांब फेकायची चिंता कशाला करतेस? भरतीच्या पाण्याबरोबर मासाच किनाऱ्याला येतो खायला. तू फक्त वेळेवर ये."

किती सोपी गोष्ट! लांब काठी शंभर ग्रॅमचं शिसं लाटांच्या पलीकडे फेकते. आपल्या लहान काठीने तो हट्ट धरला तर ती मोडेल. तिला वीस ग्रॅमच पेलतं. पण खाडीच्या तोंडाशी, जिथे लाटांचा मारा कमी असतो आणि वाळूला लागून खडप असतं, तिथे वीस ग्रॅम पुष्कळ होतं. ओहोटीला उघडी पडलेली वाळू भरतीला पाण्याखाली जाते. तिथले किडे आणि बारीक कोळंबी खायला मासे अगदी काठाजवळ येतात. मग शिसं पंधरा पावलांवर पडलं तरी चालतं.

पण भरतीची वेळ कशी ओळखायची? काकांनी मला एक गणित दिलं. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. येईल तेवढ्या वाजता कोकणच्या किनाऱ्यावर साधारण पूर्ण भरती! त्या दिवशी त्रयोदशी होती. तेराची पाऊणपट किती? पावणेदहा! भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे दुपारी चारच्या सुमाराला. पाढे कशाला पाठ करायचे, असं विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. मात्र हा अंदाज आहे. पाण्यात उतरण्याआधी तिथल्या माणसांना विचारायचंच.

आम्ही सकाळी सातला खाडीवर गेलो. गोड्या पाण्यात आप्पा गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावायचे. इथे काकांनी कोळंबीचा तुकडा लावला. तंगुसाच्या शेवटी हातभर जाड तंगूस जोडला, कारण खडपावर कालवं असतात आणि त्यांच्या कडा सुरीसारख्या धारदार असतात. गाठ आवळण्याआधी ओली केली. कोरडी गाठ आवळली तर घासून तापते आणि तंगूस तिथेच कच्चा होतो. रिळाची पकड थोडी सैल ठेवली, म्हणजे मासा जोरात पळाला तर तंगूस सुटत जाईल, तुटणार नाही.

अर्ध्या तासात काठीचं टोक थरथरलं. मुडदुशी! निमुळत्या तोंडाची, चांदीसारखी चकचकीत. पाठोपाठ दुसरी आली, ती बोटभरच होती. काकांनी हात ओला करून तिला अलगद सोडवलं आणि पाण्यात सोडलं. "मोठी होऊन ये गो," म्हणाले.

नऊच्या सुमाराला काठी एकदम वाकली. रीळ कर्रर्र करत फिरलं. तांबोशी असावी, असं काका म्हणाले. हा मासा खडपातल्या बिळांमध्ये राहतो आणि गळाला लागला की थेट घरात घुसतो. तसंच झालं. तंगूस खडकाला अडकला आणि जागचा हलेना. खडक आमच्यापासून दहा-बारा पावलांवर होता. त्यावर पाणी चढत होतं, शेवाळ हिरवंगार चमकत होतं.

मुलांनो, त्या तंगुसाला आप्पांनी स्वतः ओतलेलं शिसं होतं. त्यांच्या डब्यात उरलेलं शेवटचं. चार पावलं पुढे जाऊन तंगूस सोडवावा, असं मला फार वाटलं. पाय उचललाही होता.

तेव्हा मला आमच्या महाबळेश्वरचा आर्थर सीट पॉइंट आठवला. तिथून सावित्रीचं खोरं दिसतं. तो पॉइंट ज्याच्या नावाने ओळखला जातो, त्या आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याची बायको आणि लहानगी मुलगी याच बाणकोटच्या पाण्यात होडी बुडून गेल्या. पुढे तो त्या कड्यावर बसून सावित्रीकडे बघत राहायचा, असं सांगतात. पाणी वरून किती शांत दिसतं! भरतीच्या वेळी ओल्या खडकावर एकच लाट पुरते. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरही भरतीला जाऊ नका, असं सांगतात ते याचसाठी.

मी खिशातून कात्री काढली आणि तंगूस कापला. काका काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाले, "चार वाजता येऊ. समुद्र नेतो, तसा आणूनही देतो."

चार वाजता आलो, तर सकाळी पाण्यात असलेला तो खडक कोरडा उघडा पडलेला! वाळूवरून चालत गेलो. कालवांमध्ये तंगूस गुरफटला होता आणि त्याच्या टोकाला आप्पांचं शिसं लोंबत होतं. गरी रिकामी होती. तांबोशी सुटून घरी गेली होती. तेवढ्या वेळात गरीवर गंजाचे तांबूस डागही दिसू लागले होते! तंगुसाचा तुकडा न् तुकडा आम्ही वेचून घेतला. पलीकडेच वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालायला येतात. असा नायलॉन त्यांच्या गळ्यात, पायात अडकला तर तो कुजत नाही आणि त्यांना सोडवायला कोणी नसतं.

आणि काठीचं काय झालं? मावशीच्या विहिरीच्या गोड्या पाण्याने तिला आंघोळ घातली. जोराची धार मारायची नाही, नाहीतर मीठ आणखी आत जातं. हलक्या हाताने पाणी ओतायचं, फडक्याने पुसायचं, सावलीत वाळवायचं, मग रिळाला तेलाचा एक थेंब. काठीच्या कड्या आणि बाहेर आलेला तंगूसही धुवायचा. शिसं विषारी असतं, म्हणून ते दातांनी दाबायचं नाही आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे. आप्पांची काठी आजही गंजलेली नाही. त्यानंतर ती दोनदा शिवसागरावर जाऊन आली आणि एकदा पुन्हा खाडीवर.

तेव्हा त्या मागच्या बाकावरच्या मित्राला मी सांगितलं, "तुझी काठी चालेल. तिला पेलेल तेवढंच वजन लाव, भरतीची वेळ साध आणि घरी आल्यावर तिला आंघोळ घाल. फक्त मोठ्या माणसाशिवाय पाण्यापाशी जायचं नाही." त्यानं लगेच विचारलं, "बाई, आज तिथी कोणती?" सगळा वर्ग पाऊणपट करायला लागला!

तुम्हीही करून बघा. घरातलं कॅलेंडर काढा आणि आजची भरती किती वाजता, ते सांगा. आणखी एक प्रयोग करा. दोन सारखे खिळे घ्या. एक साध्या पाण्याच्या पेल्यात ठेवा, दुसरा मिठाच्या पाण्याच्या. रोज सकाळी बघा आणि काय दिसतं ते वहीत लिहून ठेवा. आठ दिवसांनी आई-बाबांना ती वही दाखवा. मग काठी धुवायला तुम्हाला कोणी सांगावं लागणार नाही.