लेकरांना सांगायचे 'आपले मदतनीस'

पहिली-दुसरीच्या वयाच्या लेकरांना 'आपले मदतनीस' शिकवतात. डॉक्टर, पोलीस, पोस्टमन, शिक्षक. बाजारात याचे रंगीत तक्ते मिळतात. परभणीत आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी आम्ही काही जण लहान मुलांना घेऊन बसतो. तिथेही असाच एक तक्ता आणून लावला. वाचून पाहिला तर डॉक्टर 'आपल्याला औषध देतात', शिक्षक 'आपल्याला शिकवतात', आणि खालच्या कोपऱ्यातला झाडूवाला 'रस्ता झाडतो'! सहा वर्षांच्या लेकराला व्याकरण कळत नाही. पण कुणाला 'ते' म्हणायचे आणि कुणाला 'तो', हे त्याला यातूनच कळते.

तो तक्ता आम्ही काढला आणि मुलांनाच विचारले, तुमच्या घरी कोण काय काम करतं? मोंढ्यातले हमाल निघाले, बांधकामावरचे मिस्त्री निघाले, वायरमन निघाला, पूर्णेला रेल्वेत असलेले एकीचे आजोबा निघाले. एक पोरगा मात्र गप्प. मग म्हणाला, "माझे पप्पा गाडीवर हायत." कोणती गाडी, हे त्याने सांगितले नाही. ती घंटागाडी होती, हे सगळ्यांना ठाऊक होते. आम्ही त्याला पुढे छेडले नाही.

पुढच्या रविवारी प्रश्न बदलला. कोण काम करतं हे नाही, तर ते काम आठ दिवस बंद राहिलं तर काय होईल? आता लेकरे भराभर बोलू लागली. कचरा, माश्या, डेंग्यू. रेल्वेचे आम्ही सांगितले: थंडीत लोखंडी रूळ आकसतो, कधी तडकतो, म्हणून ट्रॅकमन रात्री बॅटरी घेऊन रूळ बघत चालतात. उन्हाळ्यात रूळ फुगून वाकडा होऊ शकतो, म्हणून भर दुपारीही चालावे लागते. गाडीत झोपलेल्यांना यातले काहीच दिसत नाही.

आणि एक गंमत. अंगणवाडीतल्या एका पदाचे नावच 'मदतनीस' आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या योजनेतले हे पद. खिचडी शिजवणे, लेकरे घरून आणणे, झाडलोट, सगळे तिच्याकडे. पण मिळते ते 'मानधन', पगार नव्हे. ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभर सेविका-मदतनीस संपावर गेल्या, तेव्हा मदतनीस म्हणजे कोण हे पुष्कळांना कळले.

इथे एक सावधगिरी आम्हाला घ्यावी लागते. सफाईचे काम थोर आहे, पवित्र आहे, असे लेकरांना सांगायचे नाही. ते सांगणारे आपली मुले त्या कामाला पाठवत नाहीत. जात ही केवळ कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवले आहे. मान माणसाला द्यायचा. बापाचे काम पोराच्या गळ्यात बांधायचे नाही.

मे २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे, शौचालयाची टाकी साफ करताना पाच मजूर दगावले. हे लहानांना सांगावे का, यावर आमच्यात बराच वाद झाला. शेवटी आठ वर्षांवरच्या मुलांना सांगितले. आपल्याकडे तिला 'सेफ्टी टँक' म्हणतात, पण सेफ्टी तिथे नसते. आत विषारी वायू साचतो, वास येईलच असे नाही. एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. म्हणून कुणी पडले तर आत उतरायचे नाही, ओरडून मोठ्यांना बोलवायचे, ११२ ला फोन लावायला सांगायचे. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई तीस लाख केली, ते मुलांना नाही, पालकांना सांगितले.

तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "मग टाकी कोण साफ करायची?" मशीनची गाडी येते, पाइप टाकून ओढून घेते, असे आम्ही सांगितले. ती म्हणाली, "ती गाडी आमच्या आजीच्या गावाला जाती का?"

आजीचे गाव जिंतूर तालुक्यात आहे. मुलीचे वडील पुढच्या ग्रामसभेला जाऊन विचारणार आहेत.