नाते, असल्यास

परवा रात्री जेवताना आमच्या चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, आपण श्रीमंत आहोत का?"

माझा घास हातातच राहिला. सौभाग्यवतींनी प्रसंगावधान राखून "आमटी वाढू का?" असं विचारलं. ज्या प्रश्नाला उत्तर नसतं त्यावर आमटी वाढायची, अशी आमच्या घरची रीत आहे. पण चिरंजीव आता सातवीत आहेत. आमटीने गप्प बसण्याचं त्यांचं वय गेलं.

"सांगा ना! तुम्ही बँकेत आहात. तुम्हांला माहीत असणार."

बँकेतल्या माणसाला श्रीमंतीतलं कळतं, हा गैरसमज फार जुना आहे. मी बी.कॉम. आहे आणि गेली वीस-एक वर्षं चेंबूरच्या एका शाखेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो. लोकांचे लाखो रुपये रोज माझ्या बोटांखालून जातात. पण हलवायाच्या दुकानातल्या पोऱ्याची आणि माझी स्थिती सारखीच. वास दिवसभर, चव महिन्यातून एकदा.

तरीही प्रश्न काही डोक्यातून जाईना. खरं सांगायचं तर श्रीमंतीच्या माझ्या आजवर तीन व्याख्या होऊन गेल्या आहेत.

पहिली लहानपणची. ज्याच्या घराला फाटक आहे तो श्रीमंत. टिळकनगरात हाउसिंग बोर्डाच्या इमारतीत आम्ही राहत होतो. आमच्या दाराला नुसती कडी होती आणि तीही दिवसा लावायची पद्धत नव्हती. उलट सायन-ट्रॉम्बे रोडवर आर. के. स्टुडिओचं फाटक होतं. राज कपूरने १९४८ साली काढलेला हा स्टुडिओ म्हणजे आम्हां चेंबूरकरांचा ताजमहाल. पाहुणे आले की त्यांना ते फाटक दाखवायला न्यायचं, अर्धा तास उभं राहायचं आणि आतून टेम्पो बाहेर पडला तरी 'आज शूटिंग आहे वाटतं' म्हणत समाधानाने परतायचं. पुढे मोठेपणी वाचलं, की १९७० साली 'मेरा नाम जोकर' पडला तेव्हा हा फाटकवाला माणूस कर्जात बुडाला होता आणि १९७३ साली 'बॉबी'ने त्याला वर काढलं. म्हणजे फाटकाच्या आतला माणूस हप्त्यांच्या काळजीत आणि बाहेर आम्ही शेंगदाणे खात निर्धास्त उभे! पुढे २०१७ साली स्टुडिओला आग लागली आणि २०१९ साली ती जागा एका बांधकाम कंपनीने घेतली. फाटकावर बसवलेली माझी पहिली व्याख्या अशी फाटकासकट गेली.

दुसरी व्याख्या कॉमर्स कॉलेजने दिली. ताळेबंदात डावीकडे देणी, उजवीकडे मालमत्ता. उजवी बाजू जड तो श्रीमंत. या हिशेबाने मी आज कोट्यधीश आहे. आमची इमारत पुनर्विकासात गेली आणि त्याच जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आम्हांला अकराव्या मजल्यावर घर मिळालं. त्याची किंमत दलाल एक कोटीच्या पुढे सांगतो. पण हा कोट्यधीश रिक्षाचं मीटर चढताना पाहून एक सिग्नल अलीकडेच उतरतो. दरमहा मेंटेनन्सचं बिल आलं की त्याच्या छातीत धडधडतं. ज्या गादीवर आपण झोपतो ती विकून श्रीमंत होता येत नाही, ही गोष्ट बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांत मला कोणी शिकवली नाही.

तिसरी व्याख्या काउंटरवर सुचली. जो आपला पैसा विसरू शकतो तो श्रीमंत! बँकेत असे विसरलेले पैसे पुष्कळ असतात. दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाली की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. २०१४ सालापासून हा निधी आहे. वारसांना असे पैसे शोधता यावेत म्हणून २०२३ साली 'उद्गम' नावाची सोयही निघाली. सुरुवातीला मला या विसरभोळ्यांचा हेवा वाटे. आपण पाकिटातली दहाची नोट विसरत नाही आणि हे अख्खं खातं विसरतात! पण असल्या खात्यांची चौकशी करायला माझ्यापुढे जे आले ते विसरलेले नव्हतेच. विसरणारा वर गेलेला असे आणि मागच्यांना त्याने काही सांगितलेलं नसे. फॉर्मवर नॉमिनीचा रकाना कोरा. तिसरी व्याख्याही बाद.

नॉमिनीचा रकाना हा माझा आवडता विषय. बँक ठेवींसाठी ही सोय १९८५ सालच्या नियमांनी आली. पुष्कळांना वाटतं, नॉमिनी म्हणजे पैशाचा मालक. तसं नाही. नॉमिनीने बँकेकडून पैसे घ्यायचे आणि खऱ्या वारसांना द्यायचे. तो नुसता विश्वस्त. म्हणजे आपण गेल्यावर, आपला डोळा चुकवण्याचीसुद्धा गरज नसताना, जो पैसे नीट पोचते करील असा माणूस त्या रकान्यात लिहायचा असतो. पंधरा वर्षं मी हे प्रवचन गिऱ्हाइकांना ऐकवत होतो. २०१९ साली ते मलाच ऐकावं लागलं.

त्या वर्षी आमचे अण्णा गेले. अण्णा माहुलच्या रिफायनरीत टाइमकीपर होते. मुलगा बँकेत, पण त्यांनी खातं मुद्दाम दुसऱ्या बँकेत ठेवलेलं. "शिंप्याच्या पोराचा सदरा कधी वेळेवर शिवून होत नाही," असं ते म्हणत. त्यांच्या ट्रंकेत मुदत ठेवीची एक पावती सापडली. ती घेऊन मी त्या बँकेत गेलो. काउंटरमागे माझ्यासारखाच एक जण बसला होता. त्याने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही नॉमिनी नाही."

"मग आई असेल."

"आईही नाही."

नाव ऐकून मी समोरच्या खुर्चीत बसलो. नॉमिनी आमचे समोरच्या खोलीतले काका होते!

आता हे काका कोण ते सांगायला हवं. काका खतकारखान्यात होते. जुन्या इमारतीत त्यांचं दार आमच्या दारासमोर. १९९४ साली त्यांनी मधल्या पॅसेजमध्ये चपलांचा स्टँड ठेवला. अण्णांच्या मते तो चार इंच आमच्या हद्दीत होता. अण्णांनी पट्टी आणली, काकांनी स्वतःची पट्टी आणली. दोन्ही पट्ट्या जुळल्या, माणसं जुळली नाहीत. तेव्हापासून अबोला. बायकांचं ये-जा, वाटीने साखर, ताटाने फराळ सगळं चालू. फक्त हे दोघे पंचवीस वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. टॉवरमध्ये काका नवव्या मजल्यावर गेले. लिफ्टमध्ये गाठ पडली की दोघेही मजल्यांचे आकडे असे पाहत, जणू लॉटरीचा निकाल लागतोय. अण्णा गेले त्या दिवशी काका पहाटेपासून रात्रीपर्यंत आमच्याकडे होते. पण बोलले कोणाशीच नाहीत.

आणि ती पावती होती १९८८ सालची. दर तीन वर्षांनी अण्णा स्वतः जाऊन ठेवीचं नूतनीकरण करून येत. म्हणजे अबोल्याच्या काळातही निदान आठ वेळा. नाव बदलायला एक फॉर्म लागतो, तो मी घरात रद्दीसारखा आणून टाकला होता.

संध्याकाळी नवव्या मजल्यावर गेलो. कसं सांगावं या विचारात होतो, तोच काका म्हणाले, "पावती सापडली वाटतं."

"तुम्हांला माहीत होतं?"

"त्यानेच सांगितलं होतं. तुम्ही तिघं मे महिन्यात गावी जायचात. एस.टी. कशेडी घाटातून जाते. तिघं एकाच गाडीत. म्हणाला, नॉमिनी गाडीबाहेरचा पाहिजे. तुझी आजी होती ना तेव्हा गावाला, तिला पोचवायचे."

दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत आले. सोबत आधार, पॅन, रेशन कार्ड आणि विजेचं बिल. कोणी मागितलं असतं तर दहावीचं सर्टिफिकेटही निघालं असतं. बँकेने जुनी फाइल काढून अण्णांचा मूळ फॉर्म समोर ठेवला. त्यावर एक रकाना असतो, 'ठेवीदाराशी नाते, असल्यास'. अण्णांनी तिथे लिहिलं होतं, 'घरचे'.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "अक्षर पहिल्यापासून घाणेरडं."

रक्कम बासष्ट हजार चारशे अठरा रुपये होती. ती खात्यात जमा झाली त्याच दिवशी काकांनी काढली आणि पाकिटात घालून आईला आणून दिली. वरचे अठरा रुपयेसुद्धा सुट्ट्या नाण्यांत. आईने चहा टाकला. पंचवीस वर्षांनी काका आमच्या खुर्चीवर बसून चहा प्याले. जाता जाता दारात थांबून म्हणाले, "हिशेब झाला. पण स्टँड माझ्याच हद्दीत होता."

मी लिफ्टपर्यंत पोचवायला गेलो. तिथे त्यांनी हळूच विचारलं, "तो नॉमिनी बदलायचा फॉर्म तुझ्याकडे मिळेल का रे?"

"मिळेल की. कशाला?"

"माझ्या खात्यावर तुझा बाप होता."

लिफ्ट आली, उघडली, मिटली आणि आम्हांला सोडून खाली गेली.

फॉर्म मीच नेऊन दिला. काकांनी त्यात माझं नाव घातलं. नात्याच्या रकान्यात काय लिहिलं ते मात्र दाखवलं नाही. डाव्या हाताने झाकून लिहिलं, परीक्षेतल्या पोरासारखं.

तर हे सगळं मला परवा आमटीच्या वाटीत दिसलं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला एकाऐवजी चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात. चिरंजीवांना म्हटलं, थांब, सांगतो. आणि हात धुऊन माझ्या खात्याचा फॉर्म घेऊन बसलो. पहिलं नाव सौभाग्यवतींचं, ते लिहिलं नसतं तर दुसरं लिहायला मी उरलो नसतो. दुसरं चिरंजीवांचं. तिसरं आईचं. चौथ्या रकान्याशी पेन थांबलं. नातेवाईक पुष्कळ आठवले, वॉट्सॅपवर तर माझे दोनशे मित्र आहेत. पण आपल्या माघारी वरचे अठरा रुपये सुट्ट्या नाण्यांत आणून देईल असा माणूस शोधायला मला तासभर लागला. ज्याला एक मिनिट लागतं, तो श्रीमंत. माझी चौथी आणि तूर्त शेवटची व्याख्या.

"मग? आहोत का आपण श्रीमंत?" चिरंजीव डोळे चोळत विचारत होते.

मी चौथ्या रकान्यात नवव्या मजल्यावरच्या ऐंशी वर्षांच्या माणसाचं नाव घातलं. सौभाग्यवतींनी वाकून पाहिलं. माझ्याहून एवढ्या मोठ्या माणसाला कोणी नॉमिनी करतं का, असं त्या म्हणतील वाटलं होतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "नात्यात काय लिहिताय ते नीट अक्षरात लिहा."